डाव्या बाहीवरचं घड्याळ

आमच्या विनयचं लग्न झालं ते सत्त्याण्णव साल.

फेब्रुवारी महिना होता. नागपूरहून आलेलं वऱ्हाड कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राच्या जुन्या सदनात उतरलं होतं, आणि दिल्लीची थंडी जाता जाता निम्म्या वऱ्हाडाला खोकला देऊन गेली होती. ते साल माझ्या डोक्यातून कधी जायचं नाही. पुढे जे घडलं, ते त्या लग्नानंतरच्या एका वर्षाच्या आत घडलं.

गोष्ट खरी आहे. विनय माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, प्रेमलाचा मुलगा. ज्या घरात हे झालं त्या घरात मी राहिले आहे. तो शर्ट मी या हातांनी उचलला आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. प्रेमलाने मला जसं सांगितलं तसंच मी सांगते आहे.

प्रेमलाचं घर गुडगावच्या एका नव्या सेक्टरात होतं. तेव्हा सेक्टर म्हणजे काय? आखलेले रस्ते, विजेचे खांब, आणि मधे मोहरीची शेतं. दहा प्लॉट मोकळे, तेव्हा कुठे एक घर. मोर दारात यायचे. वीज गेली की सगळ्या घरांचे जनरेटर एकदम धडधडायला लागायचे. गच्चीवर उभं राहिलं की शेतांपलीकडे वाऱ्याची दिशा दाखवणारी एक लाल-पांढरी कापडी नळी फुगलेली दिसायची.

तिथे विमानाची धावपट्टी होती.

जमिनी विकणाऱ्या एका कंपनीने ती स्वतःपुरती बांधली होती. परदेशातून आलेल्या गिऱ्हाइकांना चार सीटांच्या विमानात बसवायचं आणि वरून प्लॉट दाखवायचे. "ये देखिए साहब, यहाँ क्लब बनेगा, यहाँ स्विमिंग पूल." खाली बघावं तर नीलगाय चरत असायची.

ते विमान चालवायचे प्रेमलाचे यजमान, काशीनाथराव. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातला पोरगा. सरकारी स्कॉलरशिपवर विमान शिकला, आणि दिल्लीला येऊन साहेब झाला.

त्या विमानाची एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

त्याच्या दोन पंखांत पेट्रोलच्या दोन टाक्या. एक डावी, एक उजवी. पण इंजिन एका वेळी एकाच टाकीतलं पितं. बजाज स्कूटरला कसं, पेट्रोल संपत आलं की हात खाली घालून चावी रिझर्व्हवर फिरवायची? तशीच एक चावी वैमानिकाच्या डाव्या गुडघ्यापाशी असते. थोडा वेळ डावी, थोडा वेळ उजवी. फिरवायचं काम माणसाचं. विसरला, तर एका पंखात पेट्रोल डुचमळत असतं आणि इंजिन उपाशी मरतं.

विसरू नये म्हणून काशीनाथरावांनी एक सवय लावून घेतली होती. डावी टाकी चालू असली की घड्याळ डाव्या मनगटावर. चावी उजवीकडे फिरवली की लगेच घड्याळ काढून उजव्या मनगटावर. आधी चावी, मग घड्याळ. कधी घरी आल्यावरही घड्याळ उजव्या हातात राहून जायचं. जेवायला बसले की प्रेमला म्हणायची, "अहो, उतरा आता जमिनीवर."

आणि ते हसून घड्याळ डाव्या हातात घालायचे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ते हिसारहून एकटेच परत येत होते. धुरकट दुपार होती. धावपट्टी जवळ आली आणि इंजिन बंद पडलं. विमान मोहरीच्या शेतात कोसळलं.

डावी टाकी कोरडी ठणठणीत होती. उजवी अर्ध्याहून जास्त भरलेली. चावी डावीकडे.

आणि घड्याळ डाव्या मनगटावर.

चौकशी करणाऱ्यांनी ठरवलं की वैमानिक टाकी बदलायला विसरला. कंपनीतला एक अधिकारी सांत्वनाला आला होता. बाहेर गाडीत बसताना दुसऱ्याला म्हणाला, "स्कॉलरशिपवाले पायलट. और क्या होगा?" प्रेमला दारातच उभी होती. तिने ऐकलं.

माणूस गेला त्याचं दुःख होतंच. पण त्या एका वाक्याने तिला आतून जाळलं. ती मला नेहमी म्हणायची, "ताई, हे विसरणारे नव्हते गं. मला फक्त एवढंच कुणीतरी सांगावं."

त्यांचा एक पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलेला होता. खांद्यावर पट्ट्या असलेला, विमानावर जाताना घालायचा. तो तिने आतल्या खोलीत कपाटाच्या दाराला हँगरवर टांगला. पोलिसांकडून परत आलेलं घड्याळ शर्टाच्या डाव्या बाहीला, कफावरून बांधलं. पट्ट्याचं तिसरं भोक. त्यांच्या मनगटाचं.

घड्याळ बंद होतं. तिने त्याला कधी चावी दिली नाही.

विनयही विमान शिकला होता. लग्न झालं आणि त्याच कंपनीने त्याला बोलावलं. विमान नवीन आणलं होतं, तसंच पांढरं.

प्रेमलाने घर डोक्यावर घेतलं.

"आई, यार, पप्पांच्या चुकीची शिक्षा मला का?"

"चूक म्हणू नकोस."

"अच्छा, सॉरी. मग काय म्हणू?"

प्रेमला उठून आतल्या खोलीत निघून गेली.

शेवटी असं ठरलं की कस्तुरबा गांधी मार्गावर एका विमान कंपनीच्या कचेरीत ओळखीने टेबलाचं काम मिळत होतं, ते दिवाळीनंतर धरायचं. तोवर उडायचं. प्रेमला दिवाळीची वाट बघत बसली. मुलगा एकदा खुर्चीत बसला की आपण सुटलो, एवढंच तिचं म्हणणं.

पावसाळ्यातली एक दुपार. विनयला सुट्टी होती. तो बाहेरच्या खोलीत झोपला होता. सून, मैत्री, शाळेत शिकवून आली होती आणि सासू-सुना मेथी निवडत बसल्या होत्या.

...आवाज आला.

लांबून, शेतांवरून. बारीक घरघर. मग मोठी होत घरावर आली.

"ऐकलंस?"

"काय आई?"

"विमान."

"जनरेटर असेल कुणाचा तरी."

"अगं, वीज आहे घरात."

दोघींनी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

प्रेमला गच्चीवर गेली. आभाळ स्वच्छ धुतलेलं. विमान कुठेच नव्हतं. आवाज मात्र बरोबर डोक्यावर... मग तो क्षणभर अडखळला. एक ठोका चुकावा तसा. आणि पुन्हा सुरळीत झाला.

ते अडखळणं तिने ओळखलं. टाकी बदलली की इंजिन तेवढंच अडखळतं.

ती खाली आली. आतल्या खोलीत गेली.

घड्याळ उजव्या बाहीवर होतं.

पट्ट्याचं तिसरं भोक.

तिने हात लावला... पट्टा गरम होता. आत्ता कुणाच्या मनगटावरून उतरवल्यासारखा.

"मैत्री, तू हात लावलास याला?"

"नाही हो. मला त्या खोलीत जायलाच कसंतरी वाटतं."

विनय उठला. त्याला सांगितलं, तर तो हसला. "पप्पा राईट म्हणतायत? चलो, उद्या राईट."

आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच तसं केलं. एरवी तो डाव्या टाकीवर विमान उचलायचा, वडिलांसारखंच. त्या दिवशी गंमत म्हणून उजवीवर उचललं. वर गेल्यावर, भरपूर उंचीवर, चावी डावीकडे फिरवली...

इंजिन खोकायला लागलं.

त्याने झटकन चावी उजवीकडे घेतली. इंजिन सावरलं. खाली उतरून पाहिलं तर डाव्या टाकीत पाणी. निघण्यापूर्वी पंखाखालून थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून बघतात. विमानाचं पेट्रोल निळं असतं, आणि पाणी असलं तर तळाशी बसतं. विनयने पाहिलं होतं. सगळं निळं होतं. पाणी टाकीच्या कुठल्या कोपऱ्यात दडून बसलं होतं कोण जाणे.

घरी आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, लेफ्टवर उचललं असतं ना... तर पट्टीच्या टोकालाच संपलो असतो."

प्रेमला उठली. आतल्या खोलीत गेली. त्या शर्टापुढे हात जोडून खूप वेळ उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती रडली नाही. त्या रात्री तिने काशीनाथरावांच्या आवडीचं झुणका-भाकर केलं आणि एक ताट जास्तीचं वाढलं.

इथेच चूक झाली. पण कुणाच्या लक्षात येणार? बुडत्याला काठ दिसला, की तो काठाला विचारत बसत नाही, तू कुणाचा म्हणून.

त्यानंतर घरात तशी रीतच पडली. विनय सकाळी बूट घालता घालता विचारायचा, "आई, कुठंय?" प्रेमला बघून यायची आणि सांगायची, डावीवर. किंवा उजवीवर. तो तसंच करायचा. धावपट्टीचा मॅनेजर दिलीप हा पुण्याचा माणूस, थट्टेखोर. त्याच्या खोलीत फोन होता आणि विमानाशी बोलायचा रेडिओ. तो घरी फोन करायचा, "काकू, आज हेड ऑफिसची काय ऑर्डर?" आणि प्रेमला हसायची. माझी बहीण हसायची! मी दिवाळीला गेले तर ओळखू येईना, इतकी टवटवीत झाली होती.

दिवाळी सरली. टेबलाच्या कामावर रुजू व्हायचा दिवस आला. आणि प्रेमलाच म्हणाली, "नको जाऊस. तुझे पप्पा आहेत तुझ्याबरोबर."

विनयने तिला उचलून गोल फिरवलं.

मैत्रीला एकटीला ते पटलं नव्हतं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नका. पप्पा आपल्याला सांगतायत, हे कशावरून?"

"मग काय करतायत?"

"कदाचित ते नुसते... उडत असतील. त्यांचं त्यांचं."

"काहीतरी बोलू नकोस. लेकराला वाचवलं त्यांनी."

मैत्रीने पुढचं ताट पुसायला घेतलं.

डिसेंबर लागला आणि घड्याळ डाव्या बाहीवर आलं.

मग ते हललंच नाही.

आवाज रोज दुपारी यायचा. घरावरून जायचा. आता मधे अडखळत नव्हता. एकसारखा... लांब... थकलेला. प्रेमलाला वाटायचं, बरं आहे, सगळं ठीक आहे म्हणून बदलत नाहीत.

जानेवारीत विनयने विमान दुरुस्तीसाठी हिसारला नेलं. काम झालं आणि दुपारी एकटाच परत निघाला.

दिलीपचा फोन आला.

"जय भीम काकू. चिरंजीव हिसारहून निघतायत. विचारतायत, पप्पांचं काय म्हणणं?"

"डावीच आहे रे."

"बिल्कुल. कळवतो."

त्या दिवशी उन्हाला रंग नव्हता. शेतं, खांब, घरं, सगळ्यावर राखेसारखा धूर बसला होता. गच्चीवरून ती लाल-पांढरी नळीसुद्धा दिसत नव्हती. मैत्री शाळेत होती. घरात प्रेमला एकटी.

पुन्हा फोन वाजला. या वेळी दिलीप हसत नव्हता.

"काकू, धूर फार आहे. त्याला पट्टी सापडत नाहीये. घिरट्या घालतोय. विचारतोय, टाकी बदलू का? तुम्ही बघता का जरा?"

प्रेमला आत गेली. घड्याळ डाव्या बाहीवर. ती परत आली.

"डावीच आहे."

दिलीप रेडिओवर बोलला, ते तिला फोनमधून ऐकू आलं. "लेफ्टच आहे रे." मग खरखर, आणि खरखरीतून विनयचा आवाज. "ओके. म्हणजे लेफ्टमध्ये आहे अजून. काटा तर रिकामं दाखवतोय, पण हे काटे काय, खोटारडेच."

प्रेमलाने फोन खाली ठेवला नाही. कानाला धरूनच उभी राहिली.

...तेवढ्यात घरावर आवाज आला.

अगदी खाली. गच्चीला घासून जाईल इतका. आला माझा विनू, असं तिला वाटलं.

मग आवाज खोकला.

एकदा...

दोनदा...

आणि थांबला.

असं थांबणं तिने कधी ऐकलं नव्हतं. मोर ओरडत होते, ते गप्प झाले. बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते गप्प झालं. तिच्या कानातून जगच काढून घेतल्यासारखं झालं.

आणि त्या शांततेत, हातातल्या फोनमधून, विनयचा आवाज आला. स्वच्छ. मागे त्याचं इंजिन चालू.

"दिलीपदा, सेक्टरची ती उंच पाण्याची टाकी दिसली मला. आता येईन पट्टीवर."

त्याचं इंजिन चालू होतं.

मग घरावर जे बंद पडलं... ते कुणाचं?

त्या क्षणी तिला सगळं कळलं. मैत्री खरं बोलली होती. ते सांगत नव्हते. ते उडत होते. हिसारहून निघालेली तीच दुपार, तीच फेरी, महिनोन्महिने, पुन्हा पुन्हा. डावी, उजवी, डावी. आणि शेवटची डावी, जिच्यापुढे काही नव्हतं.

आतल्या खोलीत हँगर खडखडला.

दार उघडं होतं. तिथूनच तिला दिसलं. शर्टाची उजवी बाही हलत होती. खिडकी बंद, पंखा बंद. बाही डाव्या बाजूला खाली ताणलेली, जिथे गुडघा असतो तिथे. मनगटाशी ती पिळवटत होती. जोर लावत होती. थांबत होती. पुन्हा जोर लावत होती.

काहीतरी फिरवायला बघणाऱ्या हातासारखी.

"दिलीप!" प्रेमला फोनमध्ये किंचाळली. "उजवी! त्याला म्हण उजवी घे! आत्ता!"

दिलीप रेडिओवर ओरडला. "राईट घे! विनय, राईट!"

खरखर.

मग तिला ते ऐकू आलं. फोनमध्ये आणि डोक्यावर, दोन्हीकडे एकदम. इंजिन खोकलं.

"दिलीपदा... फिरत नाहीये."

"जोर लाव!"

"लावतोय... चावी फिरतच नाहीये."

पुन्हा खोकलं. मग फोनमध्येही शांत, आणि डोक्यावरही शांत. नुसता वारा पंखांवरून गेल्याचा सुस्कारा.

आणि त्या सुस्काऱ्यातून विनयचा आवाज. घाबरलेला नव्हता. लहानपणी शाळेतून येऊन काही सांगायचा, तसा.

"आईला सांग... पप्पा विसरले नव्हते."

एवढंच.

पडल्याचा आवाज तिला आला नाही. मोर मात्र संध्याकाळपर्यंत ओरडले नाहीत.

विमान मोहरीच्या शेतात सापडलं. काशीनाथराव पडले ते शेत हे नव्हे. त्या शेतात तोवर घरं उभी राहिली होती. हे त्याच्या पलीकडचं. डावी टाकी कोरडी. उजवी अर्ध्याहून जास्त भरलेली. चावी डावीकडे.

चौकशीला आलेल्या साहेबाने ती चावी सगळ्यांसमोर फिरवून दाखवली.

एका बोटाने. लोण्यातून सुरी जावी तशी.

पुन्हा तेच ठरलं. वैमानिक टाकी बदलायला विसरला. दिलीपला विचारलं, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, रेडिओवर खरखर होती, नीट ऐकू आलं नाही. त्याच महिन्यात तो पुण्याला निघून गेला. प्रेमलाने सांगितलं ते कुणी लिहून घेतलं नाही. आईचं काय, आई काहीही ऐकते, असं म्हणाले. बाप विसरला, मुलगाही विसरला, असं आता दोघांच्या नावावर झालं.

प्रेमलाला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते तिला सांगितलं गेलं. कुणी सांगितलं, ते तुम्ही वाचलंच आहे.

मैत्रीला तिच्या भावाने नागपूरला नेलं. प्रेमलाला मी कितीदा म्हटलं, चल माझ्याकडे. ती आली नाही. म्हणायची, "दुपारचं घरी कुणीतरी हवं ना, ताई."

मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा एकदा भर दुपारी तिने माझं मनगट धरलं. "आला," म्हणाली. मला काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय गं?"

"आता दोन येतात. एकामागून एक."

आणि मग ती थांबली, श्वास धरून... आणि थोड्या वेळाने तिची बोटं ढिली पडली. एकदा. मग पुन्हा एकदा.

शेवटी तो शर्ट माझ्याकडे आला. घड्याळाचा पट्टा सोडवायचा मी खूप प्रयत्न केला. मुलाने पकड लावून पाहिली. सुटत नाही. शर्ट मी घडी घालून लोखंडी पेटीत ठेवला आहे, तळाशी. वर रजया आहेत.

तरी हिवाळ्यातल्या दुपारी त्या खोलीत पेट्रोलचा वास येतो. आमच्या घरात गाडी नाही. आणि पेटीवर हात ठेवला तर आत, अगदी हळू... कापड घासल्यासारखं होतं. थांबतं. पुन्हा होतं.

मी पेटी उघडत नाही.

काशीनाथराव बारा जानेवारी एकोणीसशे चौऱ्याण्णवला गेले. त्यांचा मुलगा विनय नऊ जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला गेला, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. माझी बहीण प्रेमला तीन ऑगस्ट दोन हजार पाचला, दुपारी, त्याच घरात गेली.